ग्रामसभा सगळ्यांना गाठता यावी म्हणून: नव्या पंचायत सदस्यांसाठी आणि ग्रामसेवकांसाठी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला किंवा त्या तारखांच्या आसपास होतात. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर डोकी जमली की सभा कायदेशीर झाली. बाकीचे २,९०० कुठे आहेत, हे विचारायला कायदा तुम्हाला भाग पाडत नाही. शंभरही जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला ती अटही उरत नाही.

म्हणून हा लेख त्या बाकीच्यांबद्दल आहे. दिव्यांग, म्हातारी माणसं, बायका, वाड्या-वस्त्यांवरचे लोक, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, मराठी नीट न समजणारे आदिवासी पाड्यांवरचे मतदार. यांच्यासाठी सोय करायची म्हटलं की पहिल्यांदा रॅम्पच आठवतो. रॅम्प हवाच. पण माझ्या मते निम्मं काम सभेच्या पंधरा दिवस आधी, तारीख, जागा आणि निरोप ठरवतानाच होतं किंवा बिघडतं.

आधी न येणाऱ्यांची यादी करा

हजेरीपट घ्या. मागच्या दोन-तीन सभांच्या सह्या मतदार यादीशी ताडून बघा. कुठली वस्ती, कुठली आळी, कुठली घरं कधीच दिसत नाहीत हे तासाभरात कळतं. मग आशाताई आणि अंगणवाडी सेविकेसोबत बसा. कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळून आहे, कुणाला ऐकू येत नाही, कुठली बाई दोन लहान पोरं टाकून येऊ शकत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. पंचायतीकडे दिव्यांग निधीसाठी (दिव्यांगांवर खर्च करायला राखलेल्या पैशासाठी) केलेली दिव्यांगांची नोंद असते, तीही काढा. मात्र तिच्यावर पूर्ण विसंबू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, आणि गावच्या नोंदीत बहुधा पायाने अधू आणि अंध एवढेच सापडतात. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजारसुद्धा त्या २१ मध्ये आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या गावात काम करत असाल तर सिकलसेलचे रुग्ण तुमच्या यादीत असायलाच हवेत. उन्हात दोन तास बसणं त्यांना झेपत नाही.

यादी झाली की त्या घरांत जा, आणि एकच प्रश्न विचारा: ‘सभेला यायचं तर तुम्हाला काय लागेल?’ घरच्यांना विचारू नका, त्या माणसाला विचारा. ‘त्याला काय कळतंय, आम्ही येतो ना’ असं घरचे म्हणतील. ऐकून घ्या आणि पुन्हा त्या माणसाकडे वळा. उत्तरं फार साधी येतात. कुणाला खुर्ची लागते, कुणाला सोबत, कुणाला स्वच्छतागृह. पुष्कळ जण म्हणतील, ‘आम्हाला कुणी बोलावलंच नाही.’

तारीख आणि वेळ

बीड जिल्ह्यातल्या किंवा पाथर्डीकडच्या गावांत २६ जानेवारीची सभा घेताना एक गोष्ट उघड दिसते: निम्मी वस्ती कारखान्यांच्या फडात कोयता चालवत असते. ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. म्हणून घरकुल, रोजगार हमी, शाळा, पाणी असे त्यांच्याशी जोडलेले विषय जानेवारीत ठेवणं म्हणजे त्यांना वगळणंच आहे. हे विषय १ मे च्या सभेत घ्या, किंवा सप्टेंबरअखेर जादा सभा बोलवा. कायद्याने किमान चार सांगितल्या आहेत, पाचवी घ्यायला कुणी अडवलेलं नाही. कोकणात उलटा प्रकार: चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी असतात. गोव्यात ग्रामसभा साधारणपणे रविवारी भरतात, त्यामुळे नोकरदारांची सोय होते. आपल्याकडे झेंडावंदन उरकलं की लगेच सभा, ही पद्धत मुख्यतः अधिकाऱ्यांच्या सोयीची आहे.

वेळ ठरवताना मजुरीचा हिशेब करा. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा म्हणजे बाईचा अख्खा रोज बुडाला. संध्याकाळी पाचची सभा म्हणजे स्वयंपाक, पाणी आणि अंधारातून वस्तीवर परत जाणं. सगळ्यांना चालेल अशी वेळ सापडणार नाही, हे मान्य करा. चार सभांच्या चार वेळा वेगवेगळ्या ठेवल्या तर निदान प्रत्येकाला वर्षातून एक-दोन तरी जमतात. विदर्भ-मराठवाड्यात १ मे ची सभा दुपारी ठेवूच नका. सकाळी आठला सुरू करून दहाला मोकळं करा.

महिलांची सभा वेगळी, नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ही कायद्यातलीच तरतूद आहे. ती कागदावर उरकून बचत गटाच्या वहीवर सह्या गोळा केल्या जातात, हेही सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ती खरोखर घ्या, अंगणवाडीत घ्या, आणि तिथे आलेले विषय मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर वरच्या क्रमांकाला आणा. (पुरुषांनी त्या सभेत ‘मार्गदर्शन’ करायला येऊ नये. सरपंचबाईंच्या पतिराजांनी तर मुळीच नाही. राज्यात पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होऊन २०११ पासून पुरेसा काळ लोटला आहे.)

जागा

मंदिराचा सभामंडप ही महाराष्ट्रातली सर्वांत सोयीची आणि सर्वांत अडचणीची जागा. सावली आहे, फरशी आहे, माईक आहे. पण चढायला पायऱ्या आहेत, आणि चपला बाहेर काढायच्या असतात. पायात कॅलिपर असलेल्या माणसाला बूट काढून चालता येत नाही. चाकाची खुर्ची आत न्यायची म्हटलं की कुजबुज सुरू होते. शिवाय पाळीच्या दिवसांत बायका येत नाहीत. काही गावांत दलित आणि मुसलमान कुटुंबं तिथे मोकळेपणाने बसत नाहीत, आणि हे कारण कुणी तोंडाने सांगत नाही. एकाच समाजाच्या समाजमंदिरात सभा ठेवली तरी असंच घडतं. कुठल्याही देवळाबद्दल माझी तक्रार नाही. सभा मात्र सगळ्यांच्या मालकीच्या जागेत हवी.

माझी पसंती जिल्हा परिषदेच्या शाळेला. पुष्कळ शाळांत रॅम्प आधीच बांधलेले असतात, पटांगण असतं, मुलींचं वेगळं स्वच्छतागृह असतं. आधी जाऊन चार गोष्टी बघा: फाटकाची कुलपं, फाटकापासून रॅम्पपर्यंतचा रस्ता, रॅम्प, स्वच्छतागृह. रॅम्प असतो आणि त्याच्या तोंडाशी खडीचा ढीग असतो, हे दृश्य अगदी सरावाचं आहे.

रॅम्पचा उतार एकास बारा हवा. पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प १.८ मीटर लांब. तशा तीन पायऱ्या असतील तर ५.४ मीटर, म्हणजे जवळजवळ अठरा फूट. रुंदी निदान १.२ मीटर, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. दोरी आणि टेप घेऊन मोजायला दहा मिनिटं लागतात. तीन पायऱ्यांवर सहा फुटी फळी टाकून ‘रॅम्प केला’ असं म्हणणारे मंडपवाले भेटतील. त्या उतारावरून माणूस खुर्चीसकट मागे पडतो. तेवढी जागा नसेल तर सभा पटांगणात घ्या, आणि मंचावर चढायची भानगडच ठेवू नका. सरपंच आणि सदस्यही खालीच बसतील.

बसण्याची रचना हा राजकारणाचा भाग असतो. पुढारी खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर, बायका मागे दाराशी, आणि गुडघे दुखणारी म्हातारी भिंतीला टेकून उभी. खुर्च्या सगळ्यांना पुरत नसतील तर पहिला मान गुडघ्यांना द्या. चाकाच्या खुर्चीसाठी पहिल्या-दुसऱ्या रांगेच्या कडेला जागा सोडा आणि तिथून बाहेर जायला वाट मोकळी ठेवा. मागच्या भिंतीशी नेऊन बसवलेला माणूस सभा बघतो, सभेत नसतो. बायकांना एका बाजूला का होईना, पण पुढून मागेपर्यंत जागा द्या, म्हणजे पुढच्या रांगेत त्याही असतील.

पाड्यांचं काय?

ग्रुप ग्रामपंचायत असेल, तीन-चार वाड्या मिळून एक पंचायत, तर सभा नेहमी मोठ्या गावात होते. चार किलोमीटर चालून येणारे दोन-चार पुरुषच असतात. सभा आळीपाळीने प्रत्येक वाडीत घ्या. सुरुवातीला मोठ्या गावचे लोक नाराज होतील, त्यांना चार किलोमीटर काय असतात ते कळेल. मुख्य सभेच्या आठवडाभर आधी वस्तीवर छोटी बैठक घेऊन विषय गोळा करणं हा त्याहून सोपा मार्ग.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या भागात, कायदाच वेगळा आहे. १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) आणि त्याखाली राज्याने २०१४ साली केलेले नियम यांमुळे पाडासुद्धा स्वतःचं गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होते. तुमच्या पंचायतीत असे पाडे असतील आणि प्रस्ताव कपाटात पडून असेल, तर आधी तो बाहेर काढा.

दवंडी, नोटीस आणि ग्रुप

नोटीस सभेच्या सात दिवस आधी लागली पाहिजे. फलकावर चिकटवून काम संपत नाही. दवंडी अजून उपयोगाची आहे, कारण ती अंध माणसापर्यंत पोचते आणि वाचता न येणाऱ्यापर्यंतही. फक्त ती मुख्य चौकात देऊन कोतवाल घरी जाऊ नये. प्रत्येक वस्तीत, संध्याकाळी लोक घरी असताना ती द्यावी. घंटागाडीवर भोंगा असेल तर त्यावरून आदल्या दोन दिवशी घोषणा करा.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटिशीचा तिरका, धूसर फोटो टाकायची सवय सोडा. अंध माणसाच्या फोनमधलं वाचून दाखवणारं अ‍ॅप टाइप केलेला मजकूर सरळ वाचतं, फोटोपुढे बहुधा अडतं. मजकूर टाइप करा आणि सोबत एक व्हॉइस मेसेज टाका. मेळघाटात कोरकूत, बंजारा तांड्यावर गोरमाटीत, गडचिरोलीत गोंडी-माडियात, सातपुड्यात भिली-पावरीत तोच निरोप कुणाकडून तरी बोलवून घ्या. गावातला कॉलेजातला मुलगा हे आनंदाने करतो.

बहिऱ्या माणसाला दवंडीचा उपयोग नाही हे उघड आहे. त्याच्या घरी माणूस पाठवा.

मजकूर असा काहीसा असू द्या:

‘ग्रामसभा. रविवारी सकाळी नऊ वाजता, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात. विषय: पाणीपट्टी, घरकुलाची यादी, दिव्यांग निधीचा खर्च, वस्तीचा रस्ता. मागच्या फाटकातून रॅम्प आहे. खुर्च्या, पाणी, स्वच्छतागृह आहे. लहान मुलांसाठी अंगणवाडी उघडी राहील. यायला गाडी किंवा सोबत हवी असेल, खुणांच्या भाषेत सांगणारं कुणी हवं असेल, तर गुरुवारपर्यंत अंगणवाडीत सांगा.’

शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. आणि ती लिहिलीत तर गाडीची खरोखर सोय करा. गावात एखादी रिक्षा किंवा कुणाची तरी जीप असतेच. तिचं भाडं आधीच ठरवून ठेवा.

सभेच्या दिवशी

माईक दोन घ्या, त्यातला एक कॉर्डलेस. तो माणसाकडे गेला पाहिजे, माणूस माईककडे नाही. स्पीकर मंचाजवळ नको, बसलेल्यांच्या मधोमध कमी आवाजात लावा. कानाला कमी ऐकू येणाऱ्याला मोठ्या आवाजाने फायदा होत नाही, स्पष्ट आवाजाने होतो. पंखा, जनरेटर आणि मागच्या बाजूच्या गप्पा यांनी शब्द बुडतात. बोलणाऱ्याचं तोंड दिसेल अशा उजेडात त्याला उभं करा.

दोन पोरं-पोरी दारावर ठेवा, ज्यांचं काम फक्त येणाऱ्याला हवं ते विचारणं. अंध माणसाचा हात धरून ओढायचा नाही. आपला कोपर पुढे करायचा, तो धरून तो चालतो. चाकाची खुर्ची विचारल्याशिवाय ढकलायची नाही.

बोलणाऱ्याने आधी नाव सांगावं: ‘मी उपसरपंच बोलतोय.’ डोळ्यांनी न दिसणाऱ्याला यानेच कळतं की आता कोण काय मांडतंय. खरं तर मागे बसलेल्या पन्नास जणांनाही यानेच कळतं. भिंतीवर नकाशा लावून ‘हे इथून असं जाईल’ म्हणू नका. ‘पाटलाच्या विहिरीपासून शाळेपर्यंत, तीनशे मीटर’ असं तोंडाने सांगा. लाभार्थ्यांची यादी फलकावर लावली तरी पूर्ण वाचून दाखवा.

खुणांच्या भाषेबद्दल थोडं सविस्तर. भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषे असतात. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दिव्यांगतेवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि जिल्ह्याच्या गावी मूकबधिर विद्यालय असेल तर तिथल्या शिक्षकांना विचारता येतं. तरुण, शाळा शिकलेल्या बहिऱ्या मतदारासाठी हे करा. पण खेड्यातली कित्येक मोठी बहिरी माणसं शाळेत गेलेलीच नसतात. त्यांच्या खुणा घरच्या असतात, आणि शहरातून आलेला दुभाषा त्यांना परका वाटतो. तिथे त्यांची बहीण, मुलगी किंवा शेजारचा मित्र हाच दुभाषा. कोण हवं ते त्यांनाच निवडू द्या, कारण जमिनीच्या वाटणीत भाऊच विरोधी बाजूला असू शकतो. दुभाष्याला बोलणाऱ्याच्या शेजारी उभं करा आणि मध्ये मध्ये थांबा.

विषयांचा क्रम, हात आणि अंगठा

पहिला तासभर सत्कार, नारळ, मान्यवरांची भाषणं, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत पाणी, पेन्शन, दिव्यांग निधी. तोवर म्हातारी माणसं कंटाळून उठलेली असतात आणि बायका चुलीकडे गेलेल्या असतात. क्रम उलटा करा. सत्कार शेवटी ठेवले तर ते आपोआप थोडक्यात उरकतात.

चर्चेत तेच ते पाच जण बोलतात. त्यांना गप्प करण्यापेक्षा मागच्या रांगेपासून सुरुवात करणं सोपं. ‘आता वस्तीवरच्या बायका सांगतील’ असं म्हणून थांबा. थांबणं जमलं पाहिजे. अर्धा मिनिट शांतता असह्य होते आणि आपणच बोलायला लागतो. सावकाश बोलणाऱ्याचं, अडखळणाऱ्याचं वाक्य पुरं करू नका.

हात वर करून मत घेतलंत तर किती हात बाजूने, किती विरोधात, हे मोठ्याने सांगा. ज्याचा हात वर होत नाही त्याला तोंडाने मत देऊ द्या. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करतात. एकाचाही आक्षेप असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. सगळ्या गावांना तेवढा धीर असेल असं नाही. पण गप्प बसलेल्याला एकदा नाव घेऊन विचारणं कुठल्याही गावात जमतं.

आता अंगठा. सभेला येणाऱ्याचा अंगठा दारातच हजेरीपटावर घेतात, आणि तोच पुढे ठरावाची मंजुरी म्हणून फिरतो. त्यातून कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. वाचता न येणाऱ्याला किंवा अंध माणसाला अंगठा घेण्याआधी सांगा: ‘ही फक्त हजेरी आहे.’ आणि सभा संपण्याआधी, लोक उठायच्या आत, झालेले ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासह वाचून दाखवा. रात्री पंचायतीत बसून लिहिलेल्या इतिवृत्ताला मी तरी इतिवृत्त म्हणत नाही.

जे आले नाहीत, येऊ शकले नाहीत, त्यांच्यापर्यंत चार ओळींत ठराव पोचवा. ग्रुपवर टाइप करून, फलकावर ठळक अक्षरांत, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना आशाताईंच्या तोंडी. त्यांनी काही कळवलं असेल तर पुढच्या मासिक बैठकीत ते वाचा.

शहरात असाल तर

प्रभागातल्या बैठका, जनता दरबार, जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन, या सगळ्यांना वरचं बहुतेक लागू पडतं. शहरातला वेगळा अडथळा म्हणजे दुसरा मजला आणि बंद पडलेली लिफ्ट. बैठक तळमजल्यावर घ्या. टोकन घेऊन चार तास उभं राहावं लागत असेल तर दिव्यांग आणि वृद्धांना वेळ आधी द्या, आणि क्रमांक फलकावर दाखवण्यासोबत पुकारायलाही सांगा.

पैसा आणि अडवणूक

यातलं बरंचसं फुकट होतं. लागणारा खर्च म्हणजे खुर्च्यांचं भाडं, जास्तीचा माईक, गाडी, पाणी. पंचायतीने स्वनिधीतले (स्वतःच्या उत्पन्नातले) ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि कुणीतरी हमखास सुचवेल की मंडपाचं बिल त्यातूनच टाका. टाकू नका. तो पैसा त्या माणसांच्या उपचारांसाठी, साधनांसाठी, रोजगारासाठी आहे. सभा सगळ्यांची, तेव्हा तिचा खर्च सर्वसाधारण निधीतून झाला पाहिजे. पंचायत कार्यालयाच्या रॅम्पचंही तेच.

‘आमच्याकडे अशी माणसंच नाहीत’ किंवा ‘बजेट नाही’ असं उत्तर वरून आलं तर कायद्याचं नाव घ्यायला संकोच नको. २०१६ च्या अधिनियमाने आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे आहेत, म्हणजे मुदत केव्हाच उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे निकष हे नुसतं मार्गदर्शन असून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. आधी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर पुण्यात राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. अर्जासोबत पायऱ्यांचे फोटो, टेप लावून घेतलेली मापं आणि ज्या मतदाराला आत जाता आलं नाही त्याचा स्वतःचा, त्याच्या सहीचा जबाब जोडा.